व्हाळाच्या तोंडच्या तिसऱ्या

सत्यवतीला कुणाचं बरं झालेलं बघवत नाही, असं बेटवाडीत सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. वाडीतल्या कुणाचा मुलगा नोकरीला लागो, कुणाच्या दारात नवी रिक्षा उभी राहो, सत्यवती सगळ्यांच्या आधी पेढा मागायला हजर असे आणि तोंड भरून आशीर्वादही देई. तिला एकाच माणसाचं बरं झालेलं बघवत नसे, आणि ते माणूस तिच्याच घराच्या अर्ध्या भागात, चिऱ्याच्या एका भिंतीपलीकडे राहत होतं. ती तिची धाकटी जाऊ, शर्मिला.

शर्मिला लग्न होऊन आली तेव्हा तिला तिसरी आणि कालव या दोन शिंपल्यांतला फरक कळत नव्हता. ती कुडाळच्या पलीकडची, काजूच्या बागेत वाढलेली. खाडीच्या चिखलात पाय घालताना कापडं गुडघ्यापर्यंत धरून उभी राही आणि खेकडा दिसला की सत्यवतीचा दंड धरी. सत्यवतीनेच तिला शिकवलं. चिखलात पायाच्या बोटांनी तिसरी कशी चाचपायची, खडकावरचं कालव हात न कापता कसं उचकटायचं, तोंड उघडी राहिलेली तिसरी का टाकून द्यायची, सगळं सगळं. पुढे सत्यवती म्हणायची की कानामागून आली आणि तिखट झाली. पण तिखट व्हायचे धडे कुणी दिले, ते मात्र ती सांगत नसे.

बेटवाडी म्हणजे मालवणहून आचऱ्याकडे जाताना डाव्या हाताला, माडांच्या आड, खाडीला टेकलेली पंधरावीस घरं. खाडी कुणाच्या बापाची नाही हे सगळ्यांना मान्य, तरी घरागणिक जागा ठरलेल्या. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी मागे सरलं, की बायका पाट्या घेऊन आपापल्या जागेत उतरतात. दुसरीच्या जागेत उतरणं म्हणजे दुसरीच्या चुलीपर्यंत चपला घालून जाणं. त्याची कुठे नोंद नाही आणि त्यावरून आजवर पोलीसही आले नाहीत, पण अशा बाईला वाडीत हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही.

सत्यवतीचा नवरा भिकाजी आणि शर्मिलेचा दीपेश हे दोघे भाऊ वेगळे झाले, तेव्हा घर, माड, विहिरीचं पाणी यांच्याबरोबर खाडीतली जागाही वाटली गेली. थोरली म्हणून सत्यवतीने आधी निवडली. तिने खाडीच्या मुखाकडची पांढरी वाळू घेतली, जिथे समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा स्वच्छ धुऊन जातं. उरलं ते व्हाळाचं तोंड. वरच्या रस्त्याकडून येणारा ओढा तिथे खाडीला मिळतो, त्यामुळे काळा चिखल, वास, आणि पोटरीपर्यंत रुतणारे पाय. शर्मिला काही बोलली नाही. दीपेश मुंबईला नोकरीला, त्याला खाडी दिसणार गणपतीत, तोही काही बोलला नाही. सत्यवतीने त्या दिवशी शिरवाळ्या केल्या आणि भिंतीपलीकडेही एक वाटी पाठवली.

पुढच्या काही वर्षांत वरच्या रस्त्याला बरंच काही उगवलं. दोन लॉज झाले, बंगल्यांची एक वसाहत झाली, आणि त्या सगळ्यांच्या वर एक खाजगी इस्पितळ झालं, दोन मजली, काचेच्या दारांचं. त्या सगळ्यांचे पाइप कुठे गेले हे विचारायला कुणी गेलं नाही. मात्र एप्रिलमध्ये दगड दाखवणारा व्हाळ आता बारा महिने वाहू लागला. आणि शर्मिलेच्या तिसऱ्या फुगल्या.

साध्यासुध्या फुगल्या नाहीत. सत्यवतीच्या तिसऱ्या रुपयाएवढ्या, तर शर्मिलेच्या बशीतल्या लिंबाएवढ्या, आणि शिंपला भरून मांस. तारकर्लीच्या एका लॉजवाल्याचा माणूस, बाळा, पहाटेच मोटरसायकलवरून येई आणि शर्मिलेच्या दाराशी गाडी उभी करी. सत्यवतीच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, जाताना तो तिलाही हाक मारी, पण ती गाडीवर बसल्या बसल्या. शर्मिलेकडे तो उतरून चहा घेई. एवढ्याशा फरकाने सत्यवतीच्या अंगाचा तिळपापड होई. भिकाजीला तिने हे सांगितलं तर तो म्हणाला, मग तू पण चहा घाल त्याला. नवऱ्यांना काही कळत नाही हे तिला लग्नाच्या आठवड्यातच समजलं होतं, आता त्यात भर पडली.

घाणीवर पोसलेल्या तिसऱ्या त्या, हे तिला सुचायला हरकत नव्हती. पण मत्सराला साधं कारण चालत नाही. तिने ठरवलं की हे देवचाराचं काम आहे. व्हाळाच्या तोंडाशी जो जुना देवचार आहे, वाडीची राखण करणारा, त्याला शर्मिला चोरून काहीतरी देत असणार, एरवी एवढी मेहेरनजर कशी? मग तिने पाळत ठेवली. शर्मिला व्हाळाकडे जाताना हातात काय नेते, येताना काय नसतं, सगळं बघितलं. शर्मिला पाटी नेई आणि पाटी आणी. तरी सत्यवतीने हार मानली नाही. तिने आपल्या वाळूच्या कडेला परस्पर एक रोट, एक नारळ आणि विडी ठेवून गाऱ्हाणं घातलं, की बा राखणदारा, धाकटीला दिलंस तसं थोरलीलाही दे. नारळ कोल्ह्यांनी नेला, विडी भरतीने. तिसऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

अशात एक मुलगी आली. आकांक्षा तिचं नाव, मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजात संशोधन करणारी, खांद्याला बर्फाचा डबा आणि हातात रबरी मोजे. ती पाण्याचे नमुने घ्यायला आली होती. ती कुडाळच्या बाजूची निघाली, शर्मिलेच्या माहेरापासून दोन गावं पलीकडची, आणि झालं, दोघींचं गूळपीठ जमलं. सत्यवती माडाला टेकून बघत राहिली. मुलीने शर्मिलेच्या जागेतलं पाणी भरलं, चिखल भरला, दोन तिसऱ्यासुद्धा पिशवीत घातल्या, आणि त्यावर नाव लिहून बर्फात ठेवलं. मग ती सत्यवतीच्या वाळूकडे आली, एक बाटली भरली आणि निघाली. धाकटीच्या पाण्याच्या चार बाटल्या आणि आपल्या पाण्याची एक. सत्यवतीला ते पाण्याचंही बघवेना. तिने त्या मुलीला थांबवून विचारलंच, की आमच्या पाण्याने काय घोडं मारलंय.

“काकी, तुमचा पाणी बरा आसा, म्हणान एकच बाटली घेतलंय,” आकांक्षा म्हणाली. “वायट खंय आणि किती, ता बघूक माका जास्ती बाटल्ये लागतत.”

मग तिने माडाच्या सावलीत बसून सगळं समजावलं. इस्पितळात माणसं जंतू मारायची औषधं घेतात, त्यातली बरीच अंगातून बाहेर पडून सांडपाण्यात जातात. त्या पाण्यात जे जंतू औषधाला पुरून उरतात ते वाढतात. इथपर्यंत सत्यवतीला पटलं, हाडहूड केलेली पोरं अशीच वाढतात. पण पुढचं काही तिच्या डोक्यात शिरेना. ती मुलगी म्हणाली की औषधाला कसं पुरून उरायचं, ते शिकवणारा एक बारीकसा तुकडा त्या जंतूंच्या अंगात असतो, आणि तो तुकडा ते शेजारच्या जंतूला देऊन टाकतात. स्वतःच्या पोरांनाच नव्हे, दुसऱ्या जातीच्या, ओळख ना देख अशा जंतूलाही. इस्पितळाचा जंतू गटारातल्या जंतूला देतो, गटारातला खाडीतल्याला.

फुकट देतात, असं सत्यवतीने दोनदा विचारून घेतलं. फुकट, आकांक्षा म्हणाली. सत्यवतीला ते जंतू एकदम खुळे वाटले. मोठ्या तिसऱ्या कुठल्या खड्ड्यात मिळतात हे तिने पोटच्या पोरीलाही लग्न होईपर्यंत सांगितलं नव्हतं, आणि शर्मिलेला सगळं शिकवलं त्याची फळं रोज पहाटे मोटरसायकलवरून येत होती.

पावसाळा सरला तेव्हा आकांक्षाचा निरोप आला. व्हाळाच्या तोंडचं पाणी वाईट निघालं होतं. त्या चिखलातले जंतू बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत, तेव्हा तिथे उतरू नका, हातापायाला जखम असेल तर मुळीच नको, आणि तिथल्या तिसऱ्याही तूर्त विकू नका. शर्मिलेने ऐकलं. बाळाला तिने दारातूनच परत पाठवलं आणि पाटी भिंतीला उपडी घातली. दोन दिवस तिच्याकडे चुलीचा धूरही उशिरा दिसला. सत्यवतीला वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं, आणि त्या वाईटाच्या खाली कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. मग शर्मिला तिच्या पडवीत येऊन उभी राहिली.

“वैनी, ह्या वर्साक दोघींनी तुमच्याच जाग्यार काडूया? अर्धे तुमचे, अर्धे माझे.”

“माझ्या जाग्यार माझेच पाय पडतले,” सत्यवती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

शर्मिला गेली. सत्यवती मात्र त्या रात्री पडल्या पडल्या विचार करत राहिली, आणि तिला सगळा डाव लख्ख दिसला. जंतूबिंतू काही नाही. ती मुलगी शर्मिलेच्या माहेरची. आता जागा बंद ठेवायची, तिसऱ्या आणखी पोसायच्या, तोवर थोरलीच्या वाळूवर चरायचं, आणि मे महिन्यात पर्यटक आले की व्हाळाचं तोंड उघडून सगळा बाजार मारायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. स्वतः सत्यवतीने अगदी असंच केलं असतं, म्हणून दुसरीनेही तसंच केलं असणार याबद्दल तिला जराही शंका राहिली नाही.

तेव्हा तिने ठरवलं की शर्मिलेच्या तिसऱ्या नकोत, त्यांचं बी हवं. तिसरीचं पिल्लू नखाएवढं असतं, चिखलासकट उचललं आणि दुसरीकडे पसरलं तर जगतं, हे खाडीच्या बायकांना माहीत आहे. गुण चिखलातच असणार, मग चिखलही न्यायचा. शर्मिला मालवणच्या बाजाराला गेली आणि सुकती दुपारची असली की सत्यवती व्हाळाच्या तोंडात उतरायची. काळा चिखल, त्यातली पिल्लं, पाटी भरून डोक्यावर घ्यायची, कडेकडेने आपल्या वाळूवर न्यायची आणि दोन्ही हातांनी पसरायची. पांढऱ्या वाळूवर काळे डाग पडत, भरती येऊन ते पुसून टाकी. कितीतरी पाट्या तिने अशा नेल्या. इतकी मेहनत तिने स्वतःच्या जागेत कधी केली नव्हती, आणि घरी आल्यावर कंबर धरून बसली तरी ती खूश असायची. आता धाकटीचं भाग्य पाटीने उचलून आणता येत होतं.

एका दुपारी चिखलात हात घालताना आतल्या कालवाच्या कडेने तिची करंगळी आणि शेजारचं बोट कापलं. कालवाने कापणं म्हणजे बेटवाडीत काही बातमी नव्हे. तिने हात व्हाळाच्याच पाण्यात धुतला, घरी येऊन हळद दाबली आणि मासे साफ केले.

दुसऱ्या दिवशी बोटं सुजली. तिने गेल्या वर्षी दाढ दुखताना आणलेल्या गोळ्या डब्यात शिल्लक होत्या, त्या घेतल्या. मग मेडिकलवाल्याकडून आणखी आणल्या. हात तापून लाल झाला, ताप आला, आणि हिवाने दात वाजायला लागले तेव्हा भिकाजी घाबरला. भिकाजीला रिक्षा बोलवायचं सुचेना. ती बोलावली शर्मिलेने, सत्यवतीला धरून बसवलं शर्मिलेने, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या इस्पितळात खाट मिळेपर्यंत डॉक्टरांच्या मागे फिरलीही तीच. सत्यवतीला तापातही ते दिसत होतं. ही आता वाडीत सांगणार, मी नसते तर वैनी गेल्या होत्या.

डॉक्टर तरुण होते आणि थकलेले. त्यांनी हात वळवून बघितला आणि विचारलं, “मावशी, हात कुठे कापला? नीट आठवून सांगा. औषध त्यावर ठरणार आहे.”

शर्मिला खाटेच्या पायथ्याशी पेजेचा डबा घेऊन उभी होती. सत्यवतीने तिच्याकडे बघितलं आणि मग डॉक्टरांकडे.

“आमच्याच जागेत,” ती शुद्ध मराठीत म्हणाली. “खाडीच्या मुखाकडे. वाळूत.”

समुद्राच्या पाण्यातली जखम म्हणून डॉक्टरांनी त्यावरचं औषध सुरू केलं. जखमेतला पू तपासायला पाठवला, पण त्याचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागणार होते. तोवर लाली मनगट ओलांडून वर चढली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या आवाजात फरक होता. औषध लागू पडत नाहीये, असंच चाललं तर हात कोपरापासून काढावा लागेल, आणि त्याहून उशीर झाला तर हाताचाही प्रश्न राहणार नाही. गटाराचं, सांडपाण्याचं पाणी कुठे लागलंय का? शर्मिला तिथेच होती, तशीच, पेजेचा डबा घेऊन.

माणूस मरणाच्या दारात खरं बोलतं असं म्हणणाऱ्याने सत्यवतीला बघितलेलं नाही. तिला मरणाचं भय वाटत होतं. उजवा हात गेला तर तिसरी कशाने काढायची, नारळ कशाने खवायचा, केस कशाने बांधायचे, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण सगळ्यात वर एकच गोष्ट उभी होती. तुझ्या जागेत मी चोरून उतरले, हे हिच्यासमोर म्हणायचं. पाट्या भरभरून नेलं, हे हिच्यासमोर म्हणायचं. आणि मग ही काही बोलणार नाही, मान खाली घालून पेज भरवेल, आणि तेच सहन होणार नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सत्यवतीने डोळे मिटले आणि सांगितलं की नाही, वाळूतच कापलं, स्वच्छ पाणी होतं.

संध्याकाळी नर्स नवी बाटली लावून गेली. औषध बदललं होतं. चार दिवसांत ताप उतरला, लाली मनगटाच्या खाली आली. करंगळी आणि शेजारचं बोट काळी पडली होती, ती काढावी लागली. हात वाचला. सत्यवतीला वाटलं, तपासणीचा निकाल आला असेल, त्यावरून डॉक्टरांना कळलं असेल, आणि आपली झाकली मूठ झाकलेलीच राहिली. पट्टी बदलताना लक्ष्मी नावाची नर्स बोलकी निघाली. निकाल नंतर आला, ती म्हणाली, औषध आधीच बदललं होतं. तुमच्या जाऊबाई त्याच दिवशी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन रडल्या ना. त्यांनी सांगितलं, की हात व्हाळाच्या घाणीत कापलाय, जागा माझी आहे, मला बरं नव्हतं म्हणून मीच वैनींना पाठवलं होतं, माझी चूक आहे, त्या मला सांभाळायला खोटं बोलतायत.

सत्यवती पट्टीकडे बघत राहिली. म्हणजे शर्मिलेला माहीत होतं. चिखलातले खड्डे तिने बघितले असणार, खळ्यातून ठिबकत गेलेलं काळं पाणी बघितलं असणार, आणि आपण थोरली म्हणून ती गप्प राहिली असणार. चोरीही तिने अंगावर घेतली. सत्यवतीला रडू आलं, ते उपकाराचं नव्हतं. या बाईने खोटंसुद्धा आपल्यापेक्षा चांगलं बोलावं, याचं होतं.

घरी आल्यावर वाडी बघायला लोटली. बायका येत, हात बघत, चुकचुकत आणि मग आवाज खाली करून भिंतीकडे बघत. ती गोष्ट इस्पितळातून बेटवाडीत तिच्याआधी पोचली होती. माहीत असून थोरल्या जावेला घाणीत उतरवलं, असं सगळ्या म्हणत होत्या. शर्मिलेला विहिरीवर कुणी वाट देईना. भिकाजीने तिच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. दीपेशला मुंबईला फोन गेला आणि भिंतीपलीकडून रात्री मोठमोठ्याने बोलल्याचं ऐकू आलं. सत्यवती गादीवर टेकून बसे, कुणी ना कुणी तिच्यासाठी कुळथाची पिठी आणि मऊ भात घेऊन येई. इतक्या वर्षांत जे रोटाने आणि नारळाने झालं नव्हतं ते दोन बोटांनी झालं होतं. शर्मिलेचं काही बरं उरलं नव्हतं. सत्यवती ते तोंडात घोळवून बघे आणि तिला त्याची चव लागत नसे. धाकटी आता खाली होती, आणि तरी सत्यवतीला ती वरच दिसत होती.

होळीच्या आधी आकांक्षा पुन्हा आली, आणि या खेपेला तिने सत्यवतीच्या वाळूतल्या चार बाटल्या भरल्या. काही आठवड्यांनी ती निकाल सांगायला आली तेव्हा भिकाजीच्या खळ्यात वाडी जमली. शर्मिला आपल्या दारात, उंबऱ्याच्या आत उभी होती. आकांक्षा म्हणाली की मुखाकडच्या वाळूतही आता तोच तुकडा सापडला, व्हाळाच्या चिखलातला. तिला ते कोडं वाटत होतं. मुखाकडे रोज समुद्राचं पाणी येतं, तिथे एवढं साचायला नको. भरती-ओहोटीनेच पसरलं असेल तर मधल्या सगळ्या जागाही बिघडल्या असं धरावं लागेल, आणि मग वाडीतल्या एकाही बाईने खाडीत उतरू नये हेच तिला सांगावं लागेल. बायकांमध्ये चुळबुळ झाली. खाडीवर त्यांच्या घरांची चूल होती.

भिकाजी उठून उभा राहिला. भिंतीकडे हात करून तो शर्मिलेला म्हणाला, “तुझ्या तिसऱ्यांपायी हिची बोटां गेली, आता वाडयेची खाडी पण घालवलंस.”

शर्मिला मान खाली घालून उभी राहिली. ती काही बोलणार नव्हती, हे सत्यवतीला कळत होतं. हेही ती घेणार होती. सगळी खाडी अंगावर घेईल आणि तशीच उभी राहील, आणि जन्मभर भिंतीपलीकडे तिचं ते मोठेपण नांदेल, रोज, सकाळ-संध्याकाळ. सत्यवतीला ते एक क्षणही सोसवेना.

“तिना माका धाडूक नाय,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “मीच चोरून जाय होतंय. तिचो चिखल पाटयेत भरून माझ्या जाग्यार हाडून घातलंय. भरतीन काय येवक नाय. मी हाडलंय.”

भिकाजी खाली बसला. आकांक्षाने किती पाट्या, कुठे कुठे पसरल्या, हे विचारायला सुरुवात केली. तसं असेल तर तो चिखल काढून टाकता येईल, मधल्या जागा कदाचित चांगल्या असतील, आपण पुन्हा तपासू, असं ती घाईघाईने सांगू लागली. बायका एकमेकींकडे बघत होत्या. दोघीतिघी शर्मिलेच्या दाराकडे वळल्यासुद्धा. सत्यवतीने मात्र कुणाकडे पाहिलं नाही. ती शर्मिलेकडे बघत होती, आणि तिला वाटलं होतं की आता हिचा चेहरा मोकळा होईल, ही रडेल, वैनी म्हणून जवळ येईल.

शर्मिला उंबरा ओलांडून बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते, आणि ओठ पांढरे पडले होते.

“वैनी, सगळ्यांनी बोल माका लावलो, तो मी गप घेतलंय,” ती म्हणाली. “म्हटलंय, एकदा तरी ह्या घरात मी तुमच्यापरास मोठी झालंय. ता पण तुमी काडून घेतलास.”

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. सत्यवती आपला तीन बोटांचा हात मांडीवर घेऊन बसली होती. शर्मिलेचा तो आवाज तिने आजवर भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता, पण तो तिला अनोळखी वाटला नाही. इतकी वर्षं तो तिच्या स्वतःच्या छातीत बोलत आला होता.